हिरव्याची भूल

पूर ओसरला, पाण्याचा जोर कमी झाला, की गोदावरीवरच्या पुलांवर पाहुण्यांच्या गाड्या थांबलेल्या दिसतात. त्र्यंबक झालेलं असतं, पंचवटी झालेली असते, पिशवीत चिवडा आलेला असतो. कठड्याला टेकून कुणीतरी खाली बघतं आणि म्हणतं, "काय हिरवंगार आहे हो तुमचं नाशिक!" खाली या काठापासून त्या काठापर्यंत पाणवेली, म्हणजे जलपर्णी, माजलेल्या असतात. पाण्याचा टिपूस दिसत नाही. त्या थरावरून एखादा बगळा आरामात चालत असतो. लहान मुलं विचारतात, इथे बाग केली आहे का?

मला त्या पाहुण्यांचा राग येत नाही. दुष्काळ पाहिलेल्या मुलखात हिरव्याची किंमत मोठी असायचीच. सिन्नर, येवला, नांदगावकडची माणसं माळावर हिरवी कड दिसली तरी सुखावतात. पण नदीकाठी, डोंगरांवर, शेतांत हिंडताना मला सारखं वाटतं, की या एका रंगाने आपली नजर बांधून टाकली आहे. हिरवं आहे ना, मग ठीक आहे. कोणतं हिरवं, कुठून आलं, त्याच्याखाली काय संपलं, हे विचारायचं राहूनच जातं.

पाणवेल एकदा हातात घेऊन बघावी. देठाच्या मध्यावर फुगा असतो. तो दाबला की चुरचुर आवाज येतो, कापला तर आत नुसती हवेची जाळी. या फुग्याच्या जोरावर ती तरंगते. खाली काळपट जांभळी, केसाळ मुळं लोंबतात आणि त्यांत गाळ, निर्माल्याचे दोरे, गुटख्याच्या पुड्या अडकलेल्या असतात. फूल मात्र सुरेख. फिकट जांभळं, आणि वरच्या पाकळीवर निळ्या कडेतला पिवळा ठिपका, मोरपिसावर असतो तसा. या फुलासाठीच माणसाने ही वनस्पती ॲमेझॉनच्या खोऱ्यातून उचलली आणि देशोदेशी नेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि तिथून देशभरातल्या तळ्यांत, नद्यांत पसरली.

तिला पसरायला बी लागतंच असं नाही. एका रोपातून आडवा धुमारा निघतो, त्याच्या टोकाला नवं रोप, त्यातून पुन्हा धुमारा. ऊब आणि खाणं भरपूर असेल तर दोन आठवड्यांच्या आत पसारा दुप्पट होतो. शिवाय बी धरतंच, आणि ते तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. थर जमला की ऊन पाण्यात उतरत नाही. पाण्यातलं शेवाळ आणि बुडालेल्या वनस्पती मरतात, म्हणजे प्राणवायू तयार करणारे जातात. जुन्या वेली कुजून तळाला बसतात आणि उरलासुरला प्राणवायूही खातात. मासे गुदमरतात. डासांची चंगळ होते.

आणि तिला खाणं कोण घालतं? आपणच. सांडपाण्यातून येणारं नत्र आणि स्फुरद हा तिचा खुराक. कपडे धुण्याची पावडर, संडासाचं पाणी, वरच्या शेतांतून वाहून येणारं खत, सगळं तिच्या मुळांशी पोहोचतं. गंगापूर धरणातून निघालेलं पाणी शहर ओलांडून पुढे जाईपर्यंत काय होतं, हे बघायला प्रयोगशाळा नको. पाणवेली कुठे सुरू होतात आणि कुठे दाट होतात एवढं बघत काठाकाठाने चालत गेलं तरी कळतं. दरवर्षी यंत्र लावून त्या काढल्या जातात, आणि त्या काढायलाच हव्यात. पण काढलेला ढीग काठावरच पडून राहतो, पहिल्या पावसात त्यातला निम्मा परत पात्रात जातो, आणि नाले तर चोवीस तास वाहतच असतात. मलजल थांबवल्याशिवाय पाणवेल थांबणार नाही. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. घाट धुऊन निघतील, रोषणाई होईल. त्याआधी नाले बंद व्हावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे. नुसत्या वेली ओढून काढलेली नदी म्हणजे शुद्ध नदी, असं कुणी आम्हाला सांगू नये.

शहरातून पुरात सुटलेल्या पाणवेली जातात कुठे, हे चांदोरी आणि सायखेड्याच्या लोकांना विचारावं. पाणी चढतं, वेलींचे तराफेच्या तराफे वाहत येतात आणि सायखेड्याच्या पुलाला अडकतात. पुलाखालची वाट तुंबली की पाणी बाजूला फाकतं आणि गावात शिरतं. आमच्या सांडपाण्यावर पोसलेलं झाड त्यांच्या उंबऱ्यापर्यंत जातं. शहरातल्या माणसाला हे माहीतही नसतं.

त्याच्याही पुढे नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे 1907 ते 1913 या काळात बंधारा झाला, मागे गाळ साठत गेला, आणि त्या उथळ दलदलीत पक्ष्यांनी आपलं गाव वसवलं. 2020 मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं, पाणथळ क्षेत्र म्हणून जाहीर झालं, तेव्हा आम्हा नाशिककरांना केवढा आनंद झाला होता. थंडीत तिथल्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन बसावं. शेकाटे चिखलात लांब तांबड्या पायांनी फिरत असतात. जांभळी पाणकोंबडी पाणवेलीचा देठ मोडून पायात धरून खाते. कमळपक्षी तर पाणवेलीच्या पानांवरून पळतो. मग पाणवेल पक्ष्यांना चांगलीच की, असं कुणी म्हणेल. काही पक्ष्यांना ती चालते, हे खरं आहे. पण बुडी मारून तळाची वनस्पती खाणाऱ्या लालसरीला उघडं पाणी लागतं. वरून सूर मारून मासा उचलणाऱ्या नदी सुरयला उघडं पाणी लागतं. थर वाढेल तसं ते पाणी आकसतं. उरतात ते मोजके, कशाशीही जमवून घेणारे. यादीतलं एकेक नाव कमी होतं आणि मनोऱ्यावरून दिसायला सगळं हिरवंच राहतं.

खानगाव थडीच्या बाजूला एक म्हातारे मच्छीमार होडीतून वेली उपसत होते. मी विचारलं, "बाबा, मासा कसा आहे यंदा?"

"कसला मासा ताई. जाळं टाकलं तर वेलीच येत्यात. मासा आला तर चिलापी. मरळ दिसंना, वाम दिसंना."

चिलापी म्हणजे तिलापिया. हा मासा आफ्रिकेतला. स्वस्त, झटपट वाढणारं खाणं म्हणून 1952 मध्ये भारतात आणला. हेतू चांगलाच होता. पण मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतात खूप, आणि वर्षातून कितीतरी वेळा वीण होते. घाण पाणी चालतं, कमी प्राणवायू चालतो. म्हणजे आपण नदीचं जे करून ठेवलं आहे, त्यात टिकायला तो पहिल्यापासून तयार. नदी निरोगी असती तर मरळीने त्याला इतकी सहज जागा दिली नसती असं मला वाटतं. बाहेरून आलेल्या बऱ्याच जीवांच्या बाबतीत असंच घडतं. आपण आधी जागा मोडतो, मग ते शिरतात.

परकं म्हणून वाईट, असं मी म्हणत नाही. नाशिकच्या माणसाला तर ते म्हणताच येणार नाही. आमचं द्राक्ष परकं, टोमॅटो परका, मका परका, मिरची, बटाटा, पेरू, पपई सगळी बाहेरची. यांतलं काहीच बांध ओलांडून रान गिळायला गेलं नाही. राखलं नाही तर यांतली बहुतेक पिकं जगतही नाहीत. गोष्ट बिघडते ती एखादा जीव आपले शत्रू, आपले रोग, आपल्यावर जगणारे किडे मागे ठेवून एकटाच नव्या मुलखात येतो तेव्हा. त्याच्या मूळ गावी त्याला कुरतडणारे शेकडो असतात. इथे कुणी त्याला ओळखतच नाही. गाय तोंड लावत नाही, अळी लागत नाही, बुरशी धरत नाही.

माझ्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी त्यांच्याकडे गेलं तर घरात दुसरा विषय नसतो. मामा मला ओळीत घेऊन गेले, एक पान वरून दाखवलं, तेलाचा थेंब पडावा तसा पिवळट डाग. मग पान उलटं केलं. खाली पांढरी मऊ बुरशी. "ही डाऊनी. रात्री ढग आले ना पोरी, झोपच उडते. सकाळ व्हायच्या आत फवारणीचा ब्लोअर काढावा लागतो." वेल फुटवे काढत असते, घड बाहेर पडत असतो, आणि तेवढ्यात दोन दिवस पाऊस झाला की घडच्या घड जिरतात. वर्षाचं उत्पन्न त्या दोन दिवसांत जातं. कर्ज मात्र जात नाही.

ही डाऊनी मूळची अमेरिकेतली. तिकडच्या रानद्राक्षांना तिची सवय होती. 1860 च्या दशकात अमेरिकन वेलींबरोबर मुळं खाणारी फायलोक्झेरा नावाची कीड युरोपात पोहोचली आणि फ्रान्सच्या बागा वाळून गेल्या. त्यावर उपाय म्हणून अमेरिकन खुंट मागवले, त्यावर युरोपातल्या जातींची कलमं बांधली आणि बागा वाचवल्या. पण या ये-जा करण्यातच ही बुरशी आली, आणि 1878 मध्ये ती फ्रान्समध्ये दिसली. एका परक्या शत्रूवरचा इलाज दुसऱ्याला घेऊन आला. पुढे बोर्दो विद्यापीठातल्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या ज्या वेलींवर चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद आणि चुना मारलेला आहे, त्या वेलींवर रोग नाही. 1885 मध्ये त्याने ते मिश्रण जाहीर केलं. मामांच्या शेडमध्ये निळा डाग पडलेला जो प्लॅस्टिकचा ड्रम आहे, त्यात आजही तेच बोर्डो मिश्रण कालवलं जातं. आणि त्यांची बाग उभी आहे ती डॉगरिजवर, तोही अमेरिकन खुंटच. हे सगळं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ ड्रमकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे फ्रान्सचा शेतकरीबी असाच रडला म्हणायचा."

आता हे दीडशे वर्षांपूर्वीचं राहिलेलं नाही, वेग वाढला आहे. टोमॅटोवरची टुटा नावाची अळी दक्षिण अमेरिकेतून 2006 मध्ये स्पेनला पोहोचली आणि 2014 मध्ये पुणे परिसरात सापडली. पानाच्या दोन पदरांच्या मध्ये राहून ती हिरवा गर खाते, पान कागदासारखं होतं, आणि फळाला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. बाहेरून माल चांगला दिसतो. पिंपळगावच्या बाजारात व्यापारी फळ फोडून बघतो आणि अख्खं क्रेट मागे ढकलतो. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी 2016 मध्ये आफ्रिकेत उतरली, मे 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. येवला, मालेगावकडच्या शेतकऱ्याने तोवर मक्याला फार फवारे मारलेच नव्हते. पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उघडून बघावा तर आत भुसा पडावा तशी विष्ठा, आणि तिच्याखाली अळी. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. तालुक्याच्या सीमेवर त्याला अडवणार कोण?

जागतिक पातळीवरच्या शास्त्रज्ञांच्या समितीने 2023 मध्ये अहवाल दिला. माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या 37,000 हून जास्त जाती त्यांनी मोजल्या, त्यांतल्या 3,500 हून जास्त निसर्गाला आणि माणसाला बाधक. 2019 मधलं वार्षिक नुकसान 423 अब्ज डॉलरच्या वर. हे आकडे वाचून मला काही होत नाही, खरं सांगते. मामांनी उलटं केलेलं पान आठवलं की मात्र होतं.

उपाय नसतातच असं नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला आला आणि पपईच्या बागा पांढऱ्या पडल्या. त्याच्या मूळ मुलखात त्याला मारणारी बारीक गांधीलमाशी शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये पोर्टो रिकोहून मागवली, नीट तपासली, सोडली. काही महिन्यांत तो आटोक्यात आला. किती कमी लोकांना हे ठाऊक आहे! गाजर गवतावर मेक्सिकन भुंगा 1984 मध्ये बंगळूरला सोडला, तोही पावसाळ्यात चांगलं काम करतो, पानं चाळण करून टाकतो. पण पाऊस सरला की भुंगा जमिनीत जाऊन झोपतो, आणि गाजर गवत उरलेल्या ओलीवर पुन्हा फुलतं. एका झाडाला हजारो बिया. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आज मोकळ्या प्लॉटपासून रेल्वेच्या रुळांपर्यंत सगळीकडे आहे. दमा, शिंका, हाताला उठणारी खाज, आणि तरी कॉलनीतल्या प्लॉटचे मालक म्हणतात, असू दे, माती तरी धरून ठेवतं. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत निर्मूलनाचा सप्ताह असतो. वेळ बरोबर निवडली आहे. फुलं यायच्या आत, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. फुलावर आल्यावर उपटणं म्हणजे बी झाडणं.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते डोंगरांविषयी. कारण तिथे हे आपण अजूनही करतो आहोत, आणि पुण्य म्हणून करतो आहोत.

नाशिकभोवतीचे डोंगर उघडे पडले तेव्हा ते पटकन हिरवे करायचे म्हणून गिरिपुष्प लावलं गेलं. त्यालाच उंदीरमारी म्हणतात. मध्य अमेरिकेतलं झाड. फांदी रोवली तरी फुटतं, शेळी तोंड लावत नाही, पाणी फार मागत नाही. शेताच्या बांधावर ते गुणाचं आहे, त्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून उत्तम. पण डोंगराच्या डोंगर त्याचा? फाल्गुनाच्या सुमारास त्या उतारांवर गुलाबी बहर येतो, फोटो छान येतात. मी त्या झाडीत शिरले आहे. खाली कारवी नाही, करवंदाची जाळी नाही, रानहळद नाही. त्याच उतारावर जरा पलीकडे जिथे जुना पळस, धावडा, पांगारा राहिला आहे, तिथे पाऊल टाकलं की काहीतरी हलतं, उडतं, ओरडतं. जिथे गिरिपुष्पही नाही तिथे घाणेरी घुसली आहे. तिची काळी पिकलेली फळं लहानपणी आम्ही खात असू, बुलबुल तर खातातच आणि बिया लांबवर टाकतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी आणलेलं हे झुडूप.

आणि प्रत्येक उघडी जागा उजाड नसते. येवल्याजवळ ममदापूरला काळवीट आहेत. काळविटाला लांबवर दिसायला हवं आणि पळायला मोकळं हवं, त्याचं घर म्हणजे गवत. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, 2006 मध्ये शास्त्राला नव्याने कळलेली, नाव सुद्धा डोंगरावरूनच पडलेलं, सेरोपेजिया अंजनेरिका. पावसाळ्यात गवतात वीतभर झुडूप, त्याला छोटा कंदील टांगल्यासारखं फूल. ते चालताना दिसत नाही, गुडघ्यावर बसावं लागतं. अशा पठारावर कुणी चांगल्या मनाने शंभर झाडं लावली, सावली पाडली, तर ते फूल जाईल, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ओसाड पठार हिरवं झाल्याची बातमी येईल. हा विचार मला रात्री छळतो.

वेगळंही घडलं आहे. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर 2015 मध्ये नाशिककरांनी नुसती इथली झाडं लावून देवराई उभी करायला घेतली. कावड्या-बादल्यांनी पाणी घालून ती जगवली. इथलं झाड हळू वाढतं, पहिली दोन-तीन वर्षं तर वाढतंय की नाही असंच वाटतं, म्हणून उद्घाटनाच्या फोटोंना ते सोयीचं नसतं. आमच्या कॉलनीत मागच्या जूनमध्ये वृक्षारोपणाची बैठक झाली तेव्हा एक काका म्हणाले, "ताई, लवकर सावली देणारं सांगा, आमच्या हयातीत दिसायला हवं." त्यांचं वय बघता ते रास्तच होतं. मी त्यांना करंज सांगितला, तो त्या मानाने लवकर येतो. बाकी यादीत कुसुम, शिवण, बेहडा, पळस घातले. रोपवाटिकेत गेलो तर यांतलं एकही रोप नव्हतं. सुबाभूळ होती, कोनोकार्पस होता, दोन्ही बाहेरचे, आणि पाहिजे तेवढे.

म्हणून यंदा आम्ही रोपं घरीच करणार आहोत. मे महिन्यात पेठ रस्त्याला पळसाच्या चपट्या शेंगा वाळून पडलेल्या असतात, शिवणीची पिवळी फळं झाडाखाली सडा घालून असतात. पळसाचं बी ताजंच पेरावं लागतं, ठेवून चालत नाही. ज्यांना यायचं आहे त्यांनी सकाळी ऊन तापायच्या आत यावं, आणि पिशवी कापडी आणावी. प्लॅस्टिकमध्ये बी घामेजतं आणि बुरशी धरते.